हिवाळी युद्धाचा डाव कसा बांधावा: विषम लढाईत इतिहासही राहील आणि चुरसही

30 नोव्हेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या आणि 13 मार्च 1940 रोजी तोफा थांबल्या. फिनलंडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम 37 लाख होती. सोव्हिएत बाजूला दोन हजारांहून जास्त रणगाडे होते, तर फिनिश सैन्याकडचे बहुतेक रणगाडे पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातले आणि मोजून काही डझन. तरीही सोव्हिएत मृत आणि बेपत्तांचा आकडा सुमारे 1,27,000 भरतो आणि फिनिश मृतांचा सुमारे 26,000. हे आकडे बघून या युद्धावर टेबलावरचा युद्धखेळ, म्हणजे डाव, बांधायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी चुकीची वाट धरतात. फिनिश तुकड्यांना दुप्पट लढाऊ गुण, स्कीवाल्यांना जादा फासा, रशियनांना मुद्दाम मंद हालचाल असं करून ते मोकळे होतात. डाव समसमान होतो खरा, पण त्या युद्धाचा त्यात मागमूस उरत नाही.

फिनिश सैनिक जिंकत होता तो रस्ते, अंधार, बर्फ आणि समोरच्याची ढिसाळ आज्ञाव्यवस्था यांच्या जोरावर. तो हरला तेही तोफगोळे संपले, राखीव फौज उरली नाही आणि माणसं थकली म्हणून. ही कारणं नियमांत उतरवली की लढाऊ गुण जवळपास सारखे ठेवले तरी चालतात. म्हणून तोल साधायचा तो वेळ, रस्ता, दारूगोळा आणि विजयाच्या अटी यांतून. काउंटरवर, म्हणजे तुकडी दाखवणाऱ्या सोंगटीवर, छापलेल्या आकड्यांना शक्यतो हात लावायचा नाही.

पुढचं सगळं हेक्स (षटकोनी खणांचा) नकाशा आणि काउंटर धरून लिहिलं आहे. संगणकावरच्या खेळासाठी मॉड बनवणाऱ्यांसाठी शेवटी वेगळ्या सूचना आहेत.

पायरी 1: काळ आणि नकाशा

युद्ध 105 दिवसांचं, म्हणजे आठवड्याचा एक टर्न (खेळाची पाळी) धरला तर बरोबर 15 टर्न. दोन माणसांना एका सुट्टीच्या दिवसात संपवता येईल एवढाच हा डाव आहे. पहिला टर्न 30 नोव्हेंबर ते 6 डिसेंबर, सहावा 4 ते 10 जानेवारी, अकरावा 8 ते 14 फेब्रुवारी, पंधरावा 7 ते 13 मार्च. 1940 हे लीप वर्ष होतं हे विसरलात तर शेवटचे टर्न एक दिवस सरकतात.

नकाशाचं दुखणं मोठं आहे. निकाल लागला कारेलियाच्या संयोगभूमीवर, म्हणजे फिनलंडचं आखात आणि लादोगा सरोवर यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. पण लादोगापासून आर्क्टिकपर्यंतची सरहद्द हजार किलोमीटरहून लांब आहे. दोन्हींना एकच मापन लावलं तर संयोगभूमी पाच-सहा हेक्सची होते, नाहीतर उत्तरेचा नकाशा टेबलाबाहेर जातो. यावर उपाय म्हणजे दोन नकाशे. संयोगभूमीला 5 किलोमीटरचा हेक्स द्या. आखातापासून लादोगाकाठच्या तायपालेपर्यंतची मानरहाइम रेषा, म्हणजे फिनिश तटबंदी, साधारण 130 किलोमीटर, म्हणजे 26 हेक्स, आणि तेवढ्यात खेळायला भरपूर जागा मिळते. उत्तरेला हेक्स नकोतच. तिथे ठिकाणं हे ठिपके आणि रस्ते या रेघा काढा: पेत्सामो, साल्ला, सुओमुस्साल्मी, कुहमो, तोल्वायार्वी, कोल्ला, कितिला. उत्तरेतली लढाई रस्त्यांवरच झाली, त्यामुळे हा नकाशा सोपाही आहे आणि खराही.

पायरी 2: रस्त्यावर अडकलेली डिव्हिजन

सगळ्यात जास्त वेळ या नियमावर घालवा, कारण उत्तरेतला अर्धा इतिहास यातून आपोआप बाहेर येतो.

सोव्हिएत रायफल डिव्हिजन ही कागदावर 17,000 च्या आसपास माणसं, शेकडो वाहनं, घोडे, तोफा आणि फिरती स्वयंपाकघरं. एवढा पसारा जंगलातल्या एकाच अरुंद रस्त्यावर चढला की रांग 25-30 किलोमीटर लांब होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुओमुस्साल्मीजवळच्या राते रस्त्यावर 44वी डिव्हिजन अशीच पसरलेली होती. पुढचं टोक लढतंय, मधले नुसते उभे, शेपूट सरहद्दीजवळ.

हे नियमात असं आणा. डिव्हिजनचे तीन रेजिमेंट काउंटर रस्त्याच्या एका रेघेवर डोकं, मध्य आणि शेपूट अशा तीन खणांत ठेवायचे. पुढे हल्ला करताना फक्त डोक्याचे गुण मोजायचे. फिनिश तुकडीला मात्र जंगलातून येऊन यातल्या कुठल्याही खणावर बाजूने हल्ला करण्याची मुभा. हल्ला यशस्वी झाला की त्या खणात 'रस्ता तोडला' अशी खूण, आणि तिच्या पलीकडच्या तुकड्यांची रसद बंद.

आता आकडे लावून बघा. सोव्हिएत रेजिमेंट हल्ल्यात 4, बचावात 4. फिनिश रेजिमेंट हल्ल्यात 3, बचावात 4. फिनिश माणूस इथे कागदावर कमजोरच आहे. मोकळ्या हेक्सवर दोन फिनिश रेजिमेंट पूर्ण डिव्हिजनवर गेल्या तर प्रमाण 6 विरुद्ध 12, म्हणजे एकास दोन, आत्महत्याच. त्याच दोन रेजिमेंट रस्त्यावरच्या मधल्या खणावर गेल्या तर 6 विरुद्ध 4, दीडास एक. पुढच्या टर्नला रसद तुटल्यामुळे त्या खणाचा बचाव निम्मा, म्हणजे 6 विरुद्ध 2, तिनास एक. कुठलाही जादा गुण न देता राते रस्ता टेबलावर उभा राहतो.

फिनिश बाजूलाही किंमत मोजायला लावा. स्कीवरची बटालियन जंगलातून कुठेही पोचते हा समज डावाचा सत्यानाश करतो. माणूस पोचतो, पण त्याची जेवणाची भांडी, काडतुसं, तंबू आणि तोफ पोचत नाहीत. प्रत्यक्षात फिनिश पथकं रस्त्याला समांतर, काही किलोमीटर दूर जंगलातून आणि गोठलेल्या तळ्यांवरून हिवाळी वाट पाडत. आधी स्कीवाले बर्फ दाबत, मग घोड्यांच्या घसरगाड्या जात, वाटेवर वीसेक माणसांचे शेगडीवाले तंबू उभे राहत आणि मग हल्ला होई. म्हणून फिनिश खेळाडूने आधी एक पूर्ण टर्न खर्चून 'हिवाळी वाट' हा काउंटर ठेवावा. वाट नसेल तर बटालियन एकच टर्न लढेल आणि नंतर मागे येईल. या एका टर्नच्या विलंबात सोव्हिएत खेळाडूला टेहळणी पाठवायची, थांबायचं की मागे घ्यायचं हे ठरवायची संधी मिळते. ही संधी ठेवलीच पाहिजे, नाहीतर उत्तरेत त्याला करण्यासारखं काहीच उरत नाही.

आणि मोट्टी, म्हणजे वेढून तुकडे पाडलेली सोव्हिएत ठाणी. सगळ्या मोट्ट्या पडल्या नाहीत. कितिलाजवळ 168वी डिव्हिजन वेढ्यात राहून तहापर्यंत टिकली, लादोगाच्या बर्फावरून तिला रसद येत राहिली. कुहमोलाही 54व्या डिव्हिजनची ठाणी शेवटपर्यंत तगली. जमिनीत पुरलेले रणगाडे आणि तोफा फोडायला जड तोफखाना लागतो आणि तोच फिनलंडकडे नव्हता. म्हणून रसद तुटल्यावर दोन टर्न तग धरलेल्या सोव्हिएत तुकडीवर 'खंदक' खूण लावा: बचाव पुन्हा पूर्ण, आणि फिनिश बाजूने तोफगोळ्यांचा गुण खर्च केल्याशिवाय हल्लाच नाही. यामुळे फिनिश खेळाडू खऱ्या पेचात सापडतो. मोट्टी फोडायला गोळे नाहीत, सोडून जावं तर ती मोकळी होते, आणि वेढा घालून बसलेल्या रेजिमेंटची गरज फेब्रुवारीत संयोगभूमीवर आहे.

पायरी 3: फिनिश तोफगोळे

युद्ध सुरू झालं तेव्हा फिनिश हलक्या तोफांना पुरेल असा साठा साधारण तीन आठवड्यांचा होता. हा आकडा सरळ नियमात बसतो. पूर्ण जोराने तोफा चालवायला दर टर्नला 6 गुण लागतील असं धरा. सुरुवातीचा साठा 18 गुण, म्हणजे तीन टर्न. दुसऱ्या टर्नपासून कारखाने आणि परदेशी मदत मिळून दर टर्नला 2 गुण. 14 टर्नचे 28. एकूण 46, आणि गरज 90. म्हणजे जवळपास निम्मा वेळ फिनिश तोफा गप्प राहणार.

साठा लपवून ठेवू द्या. सोव्हिएत खेळाडूला समोरचा खरोखर रिकामा आहे की राखून ठेवतोय हे कळता कामा नये.

पायरी 4: हिवाळा दोघांचाही

'जनरल हिवाळा' फिनलंडच्या बाजूने लढला असं सरसकट मानून सोव्हिएत तुकड्यांवर दर टर्नला वजावट लावणं ही ढोबळ चूक आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फ कमी होता आणि रणगाडे रस्ता सोडून बरेच फिरू शकत होते. मात्र तळी आणि दलदल नीट गोठलेली नव्हती. जानेवारीच्या मध्यात पारा उणे 40 च्या खाली गेला, जंगलात कमरेएवढा बर्फ साचला आणि रस्त्याबाहेर पायदळ हलेना. पण त्याच थंडीने तळी आणि आखात इतकं घट्ट केलं की मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोव्हिएत फौजा गोठलेला वीपुरी शहराजवळचा उपसागर ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर चढल्या. ज्या गोठण्याने जानेवारीत फिनलंडला वाचवलं, त्यानेच मार्चमध्ये त्याची बगल उघडी पाडली.

म्हणून बर्फाची खोली आणि पाण्यावरच्या थराची जाडी हे दोन वेगळे तक्ते ठेवा. खोली: टर्न 1 ते 3 उथळ, 4 ते 6 मध्यम, 7 पासून खोल. मध्यममध्ये रस्त्याबाहेर सोव्हिएत हालचाल निम्मी, खोलमध्ये एक हेक्स, आणि रणगाडे फक्त रस्त्यावर किंवा गोठलेल्या पाण्यावर. स्कीवाल्या तुकड्यांना तिन्हींत दोन हेक्स. थराच्या जाडीसाठी अभियंते वापरतात तो हिशोब सोपा आहे: भार पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 10 टनांच्या टी-26 रणगाड्याला 45 सेंटिमीटरच्या आसपास थर पुरत असेल तर 28 टनांच्या टी-28 ला 75 च्या आसपास लागतो. टर्न 3 पासून पायदळ तळ्यांवर, टर्न 8 पासून हलके रणगाडे, टर्न 11 पासून जड, आणि उपसागर टर्न 13 पासून खुला. सोव्हिएत खेळाडूला हा तक्ता पहिल्या दिवसापासून दिसू द्या. फिनिश खेळाडूने उपसागराच्या किनाऱ्यावर कुणाला तरी ठेवलं पाहिजे आणि त्याच्याकडे कुणी नाही, हा ताण शेवटच्या चार टर्नचा प्राण आहे.

गोठून मरण्याचा फासा राष्ट्र बघून टाकू नका, निवारा बघून टाका. गावात, तंबूत किंवा रसद चालू असलेल्या ठिकाणी असलेली तुकडी सुरक्षित. बाकी सगळ्यांनी टर्न 7 ते 12 मध्ये फासा टाकायचा, 1 आला तर एक स्टेप (तुकडीच्या ताकदीचा एक टप्पा) गळते. फिनिश पथकं फिरत्या स्वयंपाकघरांवर नेम धरून गोळीबार करत. उणे 35 मध्ये गरम जेवण बंद झालं की दोन दिवसांत तुकडी खचते. म्हणून छापा यशस्वी झाला की फिनिश खेळाडूला माणसं मारण्याऐवजी स्वयंपाकघर जाळण्याचा पर्याय द्या: स्टेप जात नाही, पण त्या तुकडीला पुढच्या टर्नला 1 किंवा 2 आला तरी फटका बसतो.

उजेडाचा तक्ता छोटा आहे, पण सोडू नका. डिसेंबरच्या अखेरीस सुओमुस्साल्मीला दिवस चारेक तासांचा, संयोगभूमीवर पावणेसहाच्या आसपास. मार्चच्या मध्याला दोन्हीकडे जवळपास बारा. सोव्हिएत विमानांचे गुण याच्याशी बांधा: टर्न 4 ला 1, टर्न 9 ला 2, टर्न 12 ला 3, टर्न 15 ला 4.

पायरी 5: सोव्हिएत चुका खेळाडूवर किती लादायच्या

इथे डाव बनवणाऱ्याची खरी परीक्षा आहे. खेळाडूला इतिहास ठाऊक असतो. पहिल्याच टर्नला तो उत्तरेतल्या डिव्हिजन थांबवेल, सगळं बळ संयोगभूमीवर आणेल आणि टर्न 6 ला वीपुरीत असेल. त्याला हात बांधून चुका करायला लावलं तर तो कंटाळेल, आणि ते बरोबरच आहे.

मधला रस्ता असा. चुका करायला भाग पाडू नका, त्या टाळायची किंमत लावा. 'मॉस्कोचं घड्याळ' 10 वर सुरू होतं. संयोगभूमीवर हल्ला न करता गेलेल्या प्रत्येक टर्नला 1 वजा. नष्ट झालेल्या प्रत्येक डिव्हिजनला 1 वजा. टर्न 9 पासून ब्रिटन-फ्रान्सच्या मदतीचा फासा: 6 आला तर 1 वजा. घड्याळ शून्यावर आलं की आहे त्या रेषेवर तह. ब्रिटिश-फ्रेंच फौज टेबलावर उतरवू नका, नॉर्वे आणि स्वीडनने वाट दिलीच नव्हती. तिची धास्ती तेवढी पुरे.

हल्ला थांबवण्याचं बक्षीसही खरं असायला हवं. डिसेंबरमध्ये सोव्हिएत रणगाडे आणि पायदळ एकमेकांना सोडून लढत होते. रणगाडे रेषेच्या आत घुसत, पायदळ मागे काटेरी तारांत अडकत असे आणि रात्री एकटे राहिलेले रणगाडे पेटत. समन्वयासाठी फासा ठेवा: सुरुवातीला 5 किंवा 6 आला तरच दोघांचे गुण एकत्र. 7 जानेवारीला सोव्हिएत सेनानी टिमोशेंकोच्या हाती वायव्य आघाडी आली आणि महिनाभर तालमी, रस्तेबांधणी, गोळ्यांचा साठा चालला. खेळाडूने टर्न 5 पासून सलग तीन टर्न थांबून तयारी केली तर समन्वय 4 वर, पाच टर्न केली तर 3 वर, शिवाय तोफखान्याला दुप्पट गुण. थांबायचं किती, हे त्याने ठरवायचं.

इतिहास या हिशोबात बसतो का ते तपासा. टर्न 5 ते 9 पाच टर्नची विश्रांती, 5 वजा. 163वी, 44वी आणि 18वी डिव्हिजन उद्ध्वस्त, 3 वजा. टर्न 9 ते 15 सात फासे, सरासरीने 1 वजा. शेवटी घड्याळ 1 वर उभं. मार्चमध्ये मॉस्कोला तह हवासा वाटण्याइतकी घाई इथे दिसते.

संयोगभूमीवर पहिल्या सात टर्नमध्ये सोव्हिएत डिव्हिजनची कमाल संख्या ठरवून द्या, कारण रेल्वे आणि रस्ते त्याहून जास्त पोसू शकत नाहीत. माझ्या मते 10 हा आकडा बसतो. तयारीच्या प्रत्येक टर्नला 3 ने वाढू द्या. फिनिश खेळाडूने उत्तर रिकामी सोडू नये म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या औलूपर्यंत सोव्हिएत तुकडी पोचली तर फिनिश रसद निम्मी. देश मधोमध तोडणं हा सोव्हिएत बेत होताच.

पायरी 6: थकवा

सुम्माजवळ 11 फेब्रुवारीला मानरहाइम रेषा फुटली ती एका दिवसाच्या हल्ल्याने नव्हे. 1 फेब्रुवारीपासून रोज भडिमार, रोज चाचपणीचे हल्ले, आणि खंदकातले फिनिश सैनिक बदलायला मागे कुणी नाही. भडिमार झेललेल्या प्रत्येक टर्नला फिनिश तुकडीवर थकव्याची एक खूण. एक खूण बचाव 1 ने कमी करते, दोन झाल्या तर माघारीची सक्ती वाढते. खूण काढायची तर तुकडी रेषेमागे एक टर्न काढली पाहिजे. सोव्हिएत खेळाडूला हाच नियम लागू आहे, पण त्याच्याकडे बदली तुकड्या आहेत. एकाच नियमातून दोन वेगळी नशिबं निघतात, ती अशी.

फेब्रुवारीअखेर स्वीडिश स्वयंसेवकांनी साल्लाची आघाडी ताब्यात घेऊन फिनिश बटालियन मोकळ्या केल्या. टर्न 13 ला ही कुमक द्या, त्याआधी नको.

नेमबाज सिमो हायहाचा वेगळा काउंटर बनवायचा मोह होतो. तो आवरा. रेजिमेंटच्या पातळीवर एक माणूस दिसत नाही.

पायरी 7: जिंकलं कोण?

विषम युद्धाचा तोल इथे लागतो. नियम एकच: इतिहासात जे झालं ती बरोबरी. त्याहून बरं ज्याने केलं तो जिंकला.

पायऱ्या इतिहासातच सापडतात. युद्धाआधी मॉस्कोने मागितलं होतं: संयोगभूमीवरची सरहद्द मागे, काही बेटं, हांको भाड्याने. सोव्हिएत फौज तेवढ्यावरच थांबली तर फिनिश विजय. वीपुरीसह सगळी संयोगभूमी आणि लादोगाकाठचा कारेलिया गेला तर बरोबरी. 1 डिसेंबरला मॉस्कोने सरहद्दीजवळच्या तेरियोकीत फिनिश कम्युनिस्ट कुसिनेनचं कठपुतळी सरकार बसवलं होतं. ते हेलसिंकीला नेण्याइतकी मजल मारली तर सोव्हिएत विजय.

एक खाच ध्यानात ठेवा. शस्त्रं थांबली तेव्हा वीपुरी शहर अजून फिनिश हातात होतं आणि तरी तहात गेलं. म्हणून 'वीपुरीचा हेक्स कुणाकडे' यावर निकाल लावू नका. शहराला दोन बाजूंनी सोव्हिएत तुकड्या भिडल्या किंवा उपसागरापलीकडे पाय रोवला गेला, तर वीपुरी गेलं असं धरा.

पायरी 8: तपासणी

आधी दोन्ही बाजू इतिहासाप्रमाणे स्वतः हलवून बघा. टर्न 2 अखेर सोव्हिएत फौज मुख्य रेषेसमोर, टर्न 6 अखेर राते रस्ता साफ, टर्न 11 ला सुम्मात भगदाड, टर्न 14 ला उपसागर ओलांडलेला. एखादा टप्पा दोन टर्नपेक्षा जास्त चुकला तर संबंधित तक्ता बिघडलेला आहे. गळालेल्या स्टेपचं प्रमाणही मोजा. 1:4 ते 1:6 च्या बाहेर गेलं तर थंडी किंवा रसदीचा नियम तपासा.

मग स्पर्धेचे डाव. वीस डावांत 11-9 आलं म्हणून नियम बदलू नका. दोन्ही बाजू अगदी समान असल्या तरी वीसपैकी 6 ते 14 विजय नुसत्या फाशांनी येऊ शकतात. बाजू बदलून खेळवा, आणि एका वेळी एकच आकडा हलवा. हलवायचा क्रम: आधी विजयाची अट, मग मॉस्कोचं घड्याळ, मग तोफगोळे, मग डिव्हिजनची मर्यादा. काउंटरवरचे 4-4 आणि 3-4 सगळ्यात शेवटी.

नेहमी येणारी बिघाडं दोन. सोव्हिएत खेळाडू टर्न 1 पासूनच थांबून राहतो: मग टर्न 5 आधीच्या विश्रांतीला 2 वजा करा. फिनिश खेळाडू रेषा सोडून मागे मागे सरकत वेळ काढतो: मग सोडलेल्या प्रत्येक तटबंदीच्या हेक्सला घड्याळ 1 ने वर न्या, कमाल 10.

संगणकावर मॉड करताना

रस्त्यावरच्या डिव्हिजनसाठी उत्तरेतल्या प्रांतांची लढाईची रुंदी आणि रसदक्षमता इतकी कमी करा की एका वेळी एकच रेजिमेंट लढेल. राष्ट्रनिहाय टक्केवारीचे बोनस जिथे जिथे दिसतील तिथून काढा आणि त्यांच्या जागी भूभाग, हवामान आणि रसद यांना बांधलेले परिणाम लावा. संगणक सोव्हिएत बाजू खेळत असेल तर तो स्वतःहून थांबून तयारी करणार नाही. 28 डिसेंबरला हल्ला थांबवणारी आणि 1 फेब्रुवारीला पुन्हा सुरू करणारी घटना हाताने लिहावी लागते. ती लिहिताना तारखेबरोबर गोळ्यांच्या साठ्याचीही अट घाला, नाहीतर फेब्रुवारी उजाडला की तो रिकाम्या तोफा घेऊन रेषेवर धावतो.